अकराव्या मैलावरचा चुना

गोंडपिपरीहून वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्याचा अकरावा मैल सरकारचा आहे, असं कागदावर लिहिलेलं असेल. पण त्या मुलखात कोणालाही विचारलं असतं तर तो उमाजीचा आहे, असंच उत्तर मिळालं असतं.

उमाजी मैलकुली होता. मैलकुली म्हणजे ज्याच्या हवाली रस्त्याचा एक मैल केलेला असतो असा मजूर. खड्डा पडला की मुरूम टाकायचा, धुमसाने ठोकायचा, कडेचं गवत काढायचं, पाणी साचलं तर वाट करून द्यायची. बाकीचे मैलकुली हे काम नोकरी म्हणून करत. उमाजी आपला मैल अंगणासारखा राखायचा. त्याने नुकत्याच दाबलेल्या ओल्या मुरमावर कोणी बैलगाडी घातली की त्या गाडीवानाची खैर नसे. "अगा ए, डोळे घरी ठेवून आला का बे? माह्या रस्त्याची वाट लावून राह्यला!" असा आवाज सागाच्या झाडांमधून घुमायचा, आणि दहाव्या मैलावरचा मैलकुली स्वतःशीच हसायचा.

खरं म्हणजे उमाजी जातीने धिवर. बापजाद्यांचा धंदा तलावात आणि नदीत मासे धरण्याचा. पाणी बघून खाली खडक आहे की गाळ, हे तो काठावरून सांगे. असा माणूस जाळं खुंटीला टांगून फावडं हातात धरतो, तेव्हा चार लोक हसणारच. "धिवर कोरड्यावर आला गा," असं म्हणून त्याला चिडवायचे. या एका थट्टेवर उमाजी कधी उलटून बोलत नसे. ज्यांना कारण ठाऊक होतं ते चिडवतही नसत.

कारण होता एक नाला, मोहनाला. अकराव्या मैलाच्या मधोमध हा नाला आडवा जातो. उन्हाळ्यात पोरींनी घागर बुडवायची म्हटली तरी बुडणार नाही एवढं पाणी. पावसाळ्यात मात्र दोन-दोन दिवस कोणाला हलू देत नाही. चांद्याहून येणारी मोटर तर आषाढ लागला की नाल्याच्या अलीकडूनच परत फिरे. पलीकडची बारा गावं चार महिने आपापल्या जागी बसून राहत. बाजार नाही, कचेरी नाही, दवाखाना नाही.

आठ वर्षांपूर्वी उमाजीचा धाकटा भाऊ सुकलू पलीकडच्या गावात सासुरवाडीच्या रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, गेला होता. तिथे शेताच्या बांधीत त्याला साप चावला. गोंडपिपरीच्या दवाखान्यात न्यायला म्हणून लोकांनी त्याला खाटेवर घालून नाल्यापर्यंत आणलं, आणि तिथेच सगळं थांबलं. नाला भरून वाहत होता. अलीकडच्या काठावर उमाजी गाडी जुंपून उभा होता. पलीकडे मोहाच्या झाडाखाली सुकलू पडला होता. दोघांना एकमेकांचे आवाज ऐकू येत होते. उमाजीने दोनदा उडी घातली, आणि दोन्ही वेळा पाण्याने त्याला अलीकडच्याच काठावर, खाली कुठेतरी बेशरमाच्या झुडपांत फेकून दिलं. तिसऱ्या वेळी चार जणांनी त्याला धरून ठेवलं. दिवस मावळायच्या आत पलीकडचा आवाज बंद झाला.

धिवर असून त्याला पाणी ओलांडता आलं नाही. ही लाज उमाजीने कोणाला बोलून दाखवली नाही. त्याने फक्त जाळं टांगलं आणि रस्त्याच्या कामावर नाव घातलं. तेव्हापासून उन्हाळ्यात तो दिवसातून चार वेळा नाला ओलांडायचा, पण पाणी चढलं की पलीकडचा अर्धा मैल तसाच पडून राहायचा. त्या दिवसांत मोहाच्या झाडाकडे तो बघतसुद्धा नसे.

म्हणून सत्तावन्न साली, जिल्हा मुंबई राज्यात जाऊन सहा महिने झाले नव्हते तोच, मोहनाल्यावर रपटा बांधायचा हुकूम आला, तेव्हा उमाजीच्या अंगात आलं म्हणा ना. रपटा म्हणजे पूल नव्हे. नाल्याच्या तळावर दगडचुन्याची बुटकी, रुंद बांधणी. थोडं पाणी वरून गेलं तरी गाड्या त्याच्यावरून चालतात. ओव्हरसियर गुणवंतराव नागपूरचे होते, सज्जन होते आणि जंगलाला वैतागलेले होते. उमाजी पहाटेपासून त्यांच्या मागे असे. "साहेब, इथी नोको. चार हात वर घ्या, खाली खडक हाये." गुणवंतरावांनी खणून पाहिलं, तर खडक होता. त्यानंतर ते उमाजीशी जरा जपूनच वाद घालत.

याच भरात उमाजी एक गोष्ट करून बसला. त्याची लेक गिरजा नाल्यापलीकडे नांदत होती. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण रोवणीच्या दिवसांत घरातला हात सोडायला विहीणबाई गोकुळा तयार नव्हत्या. रोवणी आटोपल्यावर पाठवते म्हणाल्या. म्हणजे श्रावण. म्हणजे नाला तुडुंब. उमाजी त्यांच्या ओसरीवर बसून छाती ठोकून म्हणाला, "बाई, तुमी पोरीले श्रावणातच पाठवा. पाण्याची काळजी करू नोका. मी रपटा बांधून राह्यलो ना!"

घरी आल्यावर बायको कुंताने कपाळाला हात लावला. "रपटा तुमी बांधता का सरकार बांधते? आन् नाई झाला त पोरगी कुठी बसन? काठावर?"

काठावर हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नसे. आज तो तिच्या तोंडून निसटला.

वैशाख संपायला आला आणि एक नवीनच भानगड उभी राहिली. रस्त्याच्या कामाचे दगड नाल्याजवळ रचून ठेवलेले असत. रचलेला ढीग ओव्हरसियर मोजणार आणि मोजलेल्या ढिगावर चुन्याचं पाणी मारणार, म्हणजे कोणी दगड हलवला तर पांढऱ्यात काळं लगेच दिसेल. अशा एका ढिगावर गुणवंतरावांना काळे दगड दिसले. पण ढीग कमी झाला नव्हता, वाढला होता.

"उमाजी, कोण खेळतं रे या ढिगाशी?"

उमाजीचा पारा चढला. आपल्या मैलावर चोरी झाली असती तर एकवेळ त्याने सोसलं असतं. पण ही कसली चोरी? भर दुपारी तो पळसाच्या आड दबा धरून बसला. थोड्या वेळाने पलीकडच्या पाड्यावरचा म्हातारा बुधू गोंड आला. डोईवर मोहफुलांची टोपली होती. ती त्याने खाली ठेवली, इकडेतिकडे पाहून एक दगड उचलला, चुना मारलेल्या ढिगावर अलगद ठेवला, त्यावर पळसाचं पान ठेवलं आणि हात जोडले.

तेव्हा उमाजीच्या डोक्यात उजेड पडला. या जंगलात अवघड वाटेवर, घाटात, नाल्याच्या उतारावर दगडांचे ढीग असतात. येणारा-जाणारा त्यावर एक दगड, एक पान ठेवतो आणि वाट सुखरूप पार पडू दे म्हणून पुढे जातो. उमाजीने स्वतः लहानपणापासून हेच केलं होतं. आणि हे भले लोक सरकारी दगडांना देव समजून बसले होते.

"अगा बुधूभाऊ, हे देव नाई गा! हे रस्त्याचे दगड हायेत."

बुधूने ढिगाकडे पाहिलं, मग उमाजीकडे पाहिलं. एवढी साधी गोष्ट या माणसाला कळत कशी नाही, असा त्याचा चेहरा होता. "वाटेवर दगड रचला म्हंजे देवच असते, भाऊ. देव नाई, त मंग चुना काऊन लावला?"

एवढं बोलून बुधूने टोपली डोईवर चढवली आणि तो वाटेला लागला. 

गुणवंतरावांना त्याने ही हकिकत सांगितली तेव्हा ते पोट धरून हसले. पण ते हसू चार दिवसही टिकलं नाही. मृग तोंडावर आला आणि खाणीवरून दगड आणणारे गाडीवान एकेक करून घरी निघाले. त्यांचंही चूक नव्हतं; बैल आता शेताला हवे होते. रपटा वरून पुरा झाला होता, देखणा दिसत होता. पण त्याच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी वरून येऊन पडणार, तिथे मोठ्या दगडांचा थर टाकायचा राहिला होता. गुणवंतराव चांद्याला जाऊन आले. लॉरी मिळाली नाही, गाड्या मिळाल्या नाहीत.

"राहू दे," ते रपट्यावर बसून म्हणाले. "एवढा एक पावसाळा निघाला तर निघाला. दिवाळीनंतर टाकू."

"नाई निघनार, साहेब." उमाजीने खाली उतरून मातीत पाय रोवला. "पाणी वरून धक्का मारून भिंत पाडत नाई. थे वरून पडते आन् खाली डोह खोदते. मंग भिंतीच्या पायाखालची माती खाते. पयल्या पुरातच बसन हा खाली."

गुणवंतरावांना हे पुस्तकातून ठाऊक होतं, उमाजीला डोहांतून. दोघंही खरं तेच बोलत होते. शेवटी साहेब म्हणाले, "आणि एक सांगतो. हा वाहून गेला तर पुन्हा बांधायला कोणी येणार नाही. या नाल्याला रपटा टिकत नाही, असा शेरा बसेल आणि रस्ता दुसरीकडून जाईल."

उमाजी त्या दुपारी जेवला नाही. गोंडपिपरीच्या बाजूला, अर्ध्या कोसावर, एक खडकाळ टेकडी होती. तिथे हवे तेवढे दगड नुसते पडून होते. दगड होते, गाड्या नव्हत्या. आणि समोरून, टेकडीच्या पायथ्यावरून, मंगळवारच्या बाजाराला गेलेली पलीकडची माणसं रांगेने परत येत होती. दोनशे तरी असतील, उमाजीने मनाशी अंदाज केला. दोनशे माणसं, म्हणजे चारशे हात.

तो उठला आणि थेट बुधूच्या पाड्यावर गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कोणाला तरी विचारून काम करणार होता.

"बुधूभाऊ, मी रपट्यापाशी एक दगड मांडला, चुना लावला, आन् लोकायले म्हटलं का दगड ठेवून जा, त थे खोटं होईन का? देवाले राग येईन?"

बुधूने तंबाखू मळता मळता विचार केला. "देव काय करते, भाऊ? वाट सांभाळते. थो दगड वाट सांभाळन का नाई?"

"सांभाळन. शंबर टक्के सांभाळन."

"मंग खोटं काय हाये त्याच्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रपट्याच्या खालच्या अंगाला उमाजीने एक चांगला मोठा धोंडा मांडला, त्याला चुन्याने पांढराशुभ्र केला, वर पळसाचं पान ठेवलं आणि स्वतः टेकडीच्या पायथ्याशी जाऊन बसला. पहिला दगड बुधूने नेला. तो मोहनाल्यापलीकडचा जाणता माणूस. त्याने ठेवला म्हटल्यावर बाकीच्यांना विचारायचं काही राहिलंच नाही. येणारा-जाणारा टेकडीवरून दगड उचलायचा आणि अर्धा कोस चालून नाल्यात ठेवायचा.

सुरुवातीला लोक मुठीएवढे दगड आणत. उमाजीला ते कसं खपणार? "काय वो बाई, बोराएवढा दगड आणला? देव का चटणी वाटनार हाये?" बाई लाजून मागे जायची आणि डोक्याएवढा धोंडा चुंबळीवर घेऊन यायची. कोणी भाताच्या बियाण्याच्या गाठोड्यावर दगड ठेवून आणला. अहेरीकडे जंगलकामाला निघालेल्या मजुरांच्या टोळीने कावडीला बांधून दहा धोंडे आणले. एका दिवशी वरात आली. उमाजीने वऱ्हाडाला अडवलं आणि नवरदेवालाही सोडलं नाही. नवरदेव मुंडावळ्या बांधलेल्या कपाळावरून घाम पुसत दगड घेऊन चालला, मागे नवरी, मागे वाजंत्री. "नवरदेवा, जपून गा. संसार याच्याहून जड हाये," असं उमाजीने ओरडून सांगितलं तेव्हा सगळी वरात हसली.

लोकांचं काम दगड आणण्याचं. रचायचं काम मात्र उमाजीने कोणाला करू दिलं नाही; वाट रिकामी झाली की तो स्वतः नाल्यात उतरायचा. धिवर मासे धरायला ओढ्यात दगडांची जी आड घालतात, तशी तो रचत होता. मोठा धोंडा खाली, त्याच्या दोन अंगांना दोन, फटीत लहान, आणि मध्ये मुद्दाम सोडलेल्या वाटा. गुणवंतराव म्हणाले, "अरे, या फटी चुन्याने भर ना."

"नाई साहेब. पाण्याले अडवाचं नसते, दमवाचं असते. फटीफटीतून फिरते न् थकते. अडवलं त थे चिडते."

गुणवंतराव थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी कोट काढून पळसाच्या फांदीवर टाकला, टेकडीकडे गेले आणि एक धोंडा छातीशी धरून आणला. पांढऱ्या सदऱ्यावर लाल माती लागलेली होती. त्यांनी पानसुद्धा ठेवलं. उमाजीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पण त्या दिवशी घरी जाऊन कुंताला त्याने ते तीनदा सांगितलं.

मृग लागून पंधरा दिवस कोरडे गेले. त्या पंधरा दिवसांत नाल्याच्या त्या रुंदीभर, काठापासून काठापर्यंत, कमरेएवढा थर उभा राहिला. किती माणसांचे हात लागले, कोणी मोजलं नाही. बारा गावांतलं एकही घर सुटलं नसेल.

मग आषाढात पूर आला, आणि त्यानंतर आणखी दोन आले. प्रत्येक पुराला उमाजी काठावर उभा राहायचा. पाणी रपट्यावरून उडी घ्यायचं, दगडांत शिरायचं, फेसाळायचं आणि पुढे मुकाट्याने चालायला लागायचं. पूर ओसरला की तो खाली उतरून हाताने चाचपून बघे. एकही धोंडा हललेला नसे. तरी पाणी वाहत असताना तो अजून पलीकडे गेला नव्हता. लोक जात होते, गाड्या जात होत्या. तो अलीकडच्या काठावरून हात दाखवून त्यांना वाट सांगे. कुंताने हे पाहून ठेवलं होतं.

श्रावणातल्या एका सकाळी निरोप आला की गिरजा निघाली आहे. रात्रभर पाऊस झाला होता. उमाजी आणि कुंता नाल्यावर आले तेव्हा रपट्यावरून गुडघ्याच्या थोडं खाली पाणी होतं, लाल आणि घाईत. पलीकडे गाडी उभी होती. गाडीवान लच्छू, गिरजाचा दीर, बैलांचे कासरे आवळून ओरडत होता, "बैल पाण्याले भेऊन राह्यले! मी नाई घालत गाडी!" गाडीत गिरजा दोन्ही हातांनी पोट सांभाळून बसली होती. त्याच काठावर, त्याच मोहाच्या झाडाखाली.

"बाबा!" तिने हाक मारली.

पाण्यावरून आलेली ती हाक ऐकून उमाजीचे पाय जागच्या जागी थांबले. आठ वर्षांपूर्वीची हाकही अशीच पाण्यावरून आली होती.

कुंताने पदराखालून एक दगड काढला. घराच्या उंबऱ्याशी पडलेला, पाटीएवढा सपाट. तो तिने नवऱ्याच्या हातात दिला. "साऱ्या दुनियेले दगड ठेवाले लावला," ती म्हणाली. "तुमी आपल्यासाठी कुठी ठेवला अजून?"

उमाजीने दगड काखेत धरला, काठी घेतली आणि पाण्यात पाय घातला. पाऊल ठेवलं, दाबलं, पुन्हा ठेवलं. पायाखालचा रपटा हलत नव्हता. पाणी पिंडऱ्यांना ढकलत होतं आणि डाव्या अंगाला त्याच्या दगडांत जाऊन थकत होतं. त्याला मध्यावर हसू फुटलं. धिवराच्या पोराला भर पाण्यातून चालताना हसू येतंय हे काठावरच्या लोकांनी पाहिलं आणि त्यांनी आरोळी दिली.

पलीकडे गेल्यावर तो आधी लेकीकडे गेला नाही. मोहाच्या झाडाखाली गेला, बुंध्याशी दगड ठेवला आणि त्याच्यापुढे खाली बसला.

"आलो रे, सुकलू," तो म्हणाला. "उशीर झाला गा. पण आलो."

मग त्याने डोळे पुसले, लच्छूच्या हातातून कासरा घेतला आणि बैलांच्या पुढे होऊन चालू लागला. बैल त्याच्या मागोमाग निघाले. गिरजाची गाडी मोहनाल्यातून अशी गेली जशी एखादी गाडी गावच्या चावडीसमोरून जावी. अलीकडच्या काठावर कुंताने लेकीला उतरवून घेतलं तेव्हा तिचा पायसुद्धा ओला झाला नव्हता. भादव्यात मुलगी झाली, आणि उमाजीने ते गुणवंतरावांना सांगायला गोंडपिपरीपर्यंत अकरा मैल पायी तुडवले.

तो मोहाखालचा दगड एकटा राहिला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर पळसाचं पान होतं आणि शेजारी दोन दगड होते. पोळ्यापर्यंत गुडघ्याएवढा ढीग झाला. बाजाराला जाणारे तिथे थांबत, दगड ठेवत, वाट सुखरूप होऊ दे म्हणत आणि रपट्यावरून पार होत. हा कोणता देव, हे कोणी विचारलं नाही आणि कोणाला ठाऊकही नव्हतं.

आपल्या मैलावर एक दगड इकडचा तिकडे झाला तर आकाशपाताळ एक करणारा उमाजी त्या ढिगाला काही बोलला नाही. दसऱ्याच्या सकाळी लोकांनी त्याला घमेलं घेऊन मोहाकडे जाताना पाहिलं. तो ढीग मोडतो की काय, असं त्यांना वाटलं. पण घमेल्यात भिजवलेला चुना होता. त्याने तो आपल्या हाताने वरपासून खालपर्यंत लावला, एकही दगड काळा ठेवला नाही.